पाद्री व्हायला निघालेला जॉन रॉल्स

अमेरिकेतलं बाल्टिमोर, साल १९२८. पुढे मोठा राजकीय तत्त्वज्ञ झालेला जॉन रॉल्स तेव्हा सात वर्षांचा, घटसर्पाने आजारी आहे, त्याच्या खोलीत जाऊ नको असं बजावलेलं असूनही धाकटा भाऊ आत जातो, त्याला लागण होते, जॉन वाचतो आणि भाऊ जातो. पुढच्या हिवाळ्यात परत तेच, ह्यावेळी न्यूमोनिया, आणि अजून एक भाऊ गेला.

ह्याच मुलाला पुढे पाद्री व्हायचं होतं. १९४२ मध्ये प्रिन्स्टनला त्याने पदवीचा प्रबंध लिहिला तोही पाप आणि श्रद्धेवर, आणि त्यात ठासून म्हटलं की देवापुढे 'ही माझी कमाई' म्हणावं असं माणसाकडे काहीच नसतं.

मग फौज, पॅसिफिकची आघाडी. फिलिपिन्समध्ये एक पाद्री सैनिकांना सांगत होता की आपल्या गोळ्यांना नेम देव देतो आणि जपान्यांच्या गोळ्यांपासून तोच वाचवतो, ते ऐकून रॉल्स जाम भडकले. मे १९४५ मध्ये दोन माणसं हवी होती, एक जखमीला रक्त द्यायला आणि एक कर्नलसोबत शत्रूची ठाणी बघायला. रॉल्सचा ब्लड ग्रुप जुळला म्हणून ते मागे राहिले, तंबूतला मित्र कर्नलसोबत गेला आणि तोफगोळ्याने मारला गेला. त्यात नाझी छावण्यांच्या बातम्या आल्या. लाखो ज्यूंना न वाचवणाऱ्या देवाकडे मी स्वतःसाठी काय मागू, असं झालं त्यांना.

१९५० ला तत्त्वज्ञानात पीएचडी, नंतर कॉर्नेल, एमआयटी आणि १९६२ पासून हार्वर्ड विद्यापीठात शिकवणं, आणि १९७१ मध्ये आलं न्याय म्हणजे काय ह्यावरचं जवळपास सहाशे पानांचं पुस्तक, 'अ थिअरी ऑफ जस्टिस'. त्यात ते म्हणतात, समजा समाजाचे नियम ठरवायला बसलोय पण आपण श्रीमंत की गरीब, हुशार की साधारण, कुठल्या धर्माचे, काही म्हणजे काही माहीत नाही. ह्यालाच ते 'अज्ञानाचा पडदा' म्हणतात. अशा वेळी जुगार कोण खेळेल? सगळ्यात खालच्या माणसाचं भलं होत असेल तरच विषमता चालेल, असंच म्हणू ना आपण. कारण कुठल्या घरात जन्मलो, किती डोकं मिळालं, ह्यात आपली कमाई काय? मला तर इथे प्रिन्स्टनचा तो विद्यार्थी सरळ दिसतो, देव सुटला पण कमाईवरचा संशय नाही सुटला.

१९९३ च्या पुस्तकात मग त्यांनी थेट विचारलं की वेगवेगळ्या श्रद्धांची माणसं एका राज्यघटनेखाली मनापासून कशी नांदतील. स्वतःच्या श्रद्धेबद्दल १९९७ मध्ये फक्त एक टिपण लिहून ठेवलं, युद्धातल्या ह्या गोष्टी त्यातच आहेत. २००२ ला ते वारले. २००९ मध्ये ते टिपण आणि १९४२ चा प्रबंध एकाच पुस्तकात छापून आले.