आधी चाल सापडली पाहिजे : ॲलेक गिनेस यांचा अभिनय

श्रोतेहो, आज ज्या नटाविषयी बोलायचे आहे ते जन्माने आणि वळणाने पक्के इंग्रज. पण आपल्याला त्यांच्यापाशी नेणारी एक वाट मराठी आहे. १९८४ साली 'अ पॅसेज टू इंडिया' या चित्रपटात सर ॲलेक गिनेस यांनी प्राध्यापक नारायण गोडबोले यांची भूमिका केली. मूळ कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२१ साली देवास संस्थानाच्या थोरल्या पातीचे, म्हणजे थोरल्या शाखेचे, राजे तुकोजीराव पवार महाराज यांचे खाजगी सचिव म्हणून काम केले होते आणि तिथला गोकुळाष्टमीचा उत्सव जवळून पाहिला होता. म्हणून त्यांच्या कादंबरीतले गोडबोले कृष्णजन्माच्या उत्सवात तुकारामांचे नाव घेत देहभान विसरून नाचतात. चित्रपटासाठीही गिनेस यांनी एका नृत्याची कसून तयारी केली होती, त्याचे चित्रीकरणही झाले होते. पण संकलनात दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी त्यातले जवळजवळ सगळे काढून टाकले आणि ही गोष्ट गिनेस यांना फार लागली.

या भूमिकेविषयीचे माझे मत आधीच सांगतो, कारण पुढचे विवेचन त्याच्याशी जोडलेले आहे. एका इंग्रज नटाने चेहरा रंगवून गोडबोले व्हावे, हे मला पटत नाही. दोनच वर्षांपूर्वी, १९८२ साली, 'गांधी' या चित्रपटात डॉ. श्रीराम लागू यांनी गोपाळ कृष्ण गोखल्यांची भूमिका केली होती. तेव्हा इंग्रजीत काम करू शकणारा मराठी नट सापडत नव्हता असे म्हणायला जागा नाही. तरीही त्याच चित्रपटात एक क्षण असा आहे की तो आठवला की मी थांबतो. भारतात आलेल्या वृद्ध इंग्रज बाई मिसेस मूर यांची गाडी रात्री स्थानकातून सुटते आणि फलाटावर, अंधारात, गोडबोले हात जोडून त्यांना निरोप देत उभे असतात. संवाद नाही, हालचाल जवळजवळ नाही. तेवढ्यापुरता चेहऱ्यावरचा रंग दिसेनासा होतो आणि फक्त एक उभे राहणे उरते. गिनेस यांची खरी कला रंगभूषेत नव्हती, शरीर कसे उभे राहते आणि कसे चालते यात होती, असे मला वाटते.

त्यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यात वडिलांच्या नावाची जागा कोरी होती आणि ती शेवटपर्यंत कोरीच राहिली. आईचे आडनाव, मग सावत्र वडिलांचे आडनाव आणि चौदाव्या वर्षी गिनेस, अशी आडनावे बदलत हा मुलगा मोठा झाला. शिक्षणानंतर जाहिरात कंपनीत मजकूर लिहिण्याची नोकरी केली, ती सोडून अभिनयाच्या शाळेत प्रवेश घेतला आणि पैशांची इतकी ओढाताण झाली की थोर नट जॉन गिलगुड यांनी एकदा वीस पौंड पुढे केले. गिनेस यांनी ते स्वाभिमानाने नाकारले. पुढे १९३४ साली गिलगुड यांनीच त्यांना आपल्या 'हॅम्लेट'मध्ये ऑझ्रिकची छोटी भूमिका दिली. १९३८ साली ओल्ड विक नाट्यगृहात आधुनिक पोशाखातला हॅम्लेट त्यांनी स्वतः केला, त्याच वर्षी मेरुला सलामन यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि तो संसार बासष्ट वर्षे टिकला. महायुद्धात ते नौदलात होते आणि १९४३ साली सिसिलीवरच्या चढाईत सैनिकांना किनाऱ्यावर उतरवणारी नौका त्यांच्या हाताखाली होती.

युद्धानंतर लीन यांनी त्यांना 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये आणि १९४८ साली 'ऑलिव्हर ट्विस्ट'मध्ये घेतले. दुसऱ्या चित्रपटातला त्यांचा फेगिन, म्हणजे मुलांकडून चोऱ्या करवणारा ज्यू म्हातारा, आजही वादग्रस्त आहे. जुन्या चित्रांवरून लावलेले ते मोठे नाक पाहून ज्यू प्रेक्षक दुखावले, आणि छळछावण्या उघड होऊन तीनच वर्षे झाली असताना ते दुखावणे सर्वस्वी योग्य होते. अमेरिकेत तो चित्रपट १९५१ पर्यंत प्रदर्शित होऊ शकला नाही. एखाद्या समाजाचा मुखवटा चढवला की कितीही मोठा नट असला तरी त्याच्या हातून माणूस निसटतो. हे गोडबोल्यांच्या बाबतीत मी म्हटले, ते इथे अधिकच खरे आहे.

आता त्याच्या अगदी उलट टोक पाहा. १९४९ साली ईलिंग स्टुडिओच्या 'काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स'मध्ये गिनेस यांना डॅस्कॉइन घराण्यातल्या चार व्यक्तींच्या भूमिका देऊ केल्या गेल्या, तेव्हा चारच का, आठही का नकोत, असे त्यांनी विचारले. मग सरदार, सावकार, पाद्री, सेनापती, आरमारप्रमुख आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या लेडी अगाथासुद्धा तेच झाले. चर्चमधल्या एका दृश्यात यातली सहा माणसे एकाच चौकटीत दिसतात. संगणक नसलेल्या त्या काळात छायालेखक डग्लस स्लोकोम यांनी कॅमेरा जागच्या जागी घट्ट बांधला, भिंगासमोरचा एक भाग सोडून बाकीचे झाकले, एकेका व्यक्तीचे चित्रण केले आणि दर वेळी फिल्म पुन्हा त्याच जागेपर्यंत मागे फिरवली. कॅमेऱ्याला कोणाचा धक्का लागू नये म्हणून रात्री ते स्टुडिओतच झोपले. पण छायालेखकाची ही सगळी मेहनत फळाला आली ती त्या आठ जणांच्या आठ तऱ्हा असल्यामुळे. चेहऱ्याची ठेवण तीच. मान किती ताठ, खांदे कुठे झुकलेले, बोलण्याआधी किती थांबायचे, एवढ्यावर आठ माणसे वेगळी होतात.

आपल्याकडे शब्दांना चाल लागली की गाणे उभे राहते असे म्हणतात. गिनेस यांच्या भूमिकांचेही तसेच होते, फक्त ती चाल पायांची होती.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय'. १९५७ सालच्या या चित्रपटाचे चित्रीकरण सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत झाले आणि त्या काळात लीन व गिनेस यांच्यात कर्नल निकल्सन या व्यक्तिरेखेवरून सतत खटके उडत होते. जपान्यांच्या युद्धकैदी छावणीच्या अधिकाऱ्याने कैदेतल्या या ब्रिटिश कर्नलला तापलेल्या पत्र्याच्या कोठडीत दिवसेंदिवस कोंडून ठेवले आहे. शेवटी त्याला बाहेर काढतात. आपले शिपाई पाहत आहेत हे त्याला ठाऊक आहे, म्हणून तो ताठ चालू पाहतो. पण गुडघे ऐकत नाहीत, पाऊल आडवे पडते, शरीर एका अंगाला जाते आणि तो ते हट्टाने पुन्हा सरळ करतो. ही चाल गिनेस यांनी आपल्या मुलावरून, मॅथ्यूवरून घेतली होती. अकराव्या वर्षी पोलिओ झालेला हा मुलगा बरा होताना पुन्हा चालायला शिकत होता आणि त्याचे ते प्रत्येक पाऊल बापाने पाहिले होते. आपल्या साऱ्या कामात हे चालणे सर्वोत्तमांपैकी एक आहे असे गिनेस मानत. मुलाचे दुखणे बापाने कामात वापरावे का, असे कोणी विचारील. मला त्यात वापर दिसत नाही. मनात घर करून बसलेली गोष्ट योग्य वेळी अंगातून बाहेर पडली, एवढेच दिसते. या भूमिकेने त्यांना ऑस्कर मिळवून दिले आणि १९५९ साली ते 'सर' झाले.

'स्टार वॉर्स'मुळे १९७७ नंतर जगभरची मुले त्यांना ओबी-वान केनोबी म्हणून ओळखू लागली. नफ्यातल्या सव्वादोन टक्के वाट्याने म्हातारपणाची चिंता मिटली, मात्र त्या प्रसिद्धीत त्यांचे मन कधी रमले नाही.

मन रमले ते जॉर्ज स्मायली या हेराच्या भूमिकेत. १९७९ साली बीबीसीने 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' ही सात भागांची मालिका केली, तेव्हा लेखक जॉन ल कॅरे यांनी गिनेस यांची गाठ ब्रिटिश गुप्तहेर खात्याचे निवृत्त प्रमुख मॉरिस ओल्डफील्ड यांच्याशी जेवणाच्या निमित्ताने घालून दिली. साठी उलटलेला हा नट तिथे काय पाहत होता? त्या माणसाचा पोशाख, हातवारे आणि उठून निघाल्यावरची त्याची चाल.

१९८२ सालच्या पुढच्या मालिकेच्या शेवटी, बर्लिनमधल्या पुलावरून स्मायलीचा आयुष्यभराचा शत्रू, सोव्हिएत हेरप्रमुख कार्ला, पश्चिमेकडे चालत येतो. बरीच वर्षे त्याने स्वतःजवळ ठेवलेला, स्मायलीला त्याच्या बायकोने दिलेला सिगारेट लायटर तो जमिनीवर टाकतो. स्मायली जिंकला आहे. सोबतचा सहकारी त्याला तसे म्हणतोही. गिनेस यांच्या चेहऱ्यावर आनंद नाही आणि दुःखही नाही. ते त्या लायटरकडे पाहतात, वाकत नाहीत, आणि तो तिथेच टाकून चालू लागतात.