स्टेडियममध्ये ऐकताना

श्रोतेहो, नमस्कार.

आवडत्या रॉक बँडचा कार्यक्रम स्टेडियममध्ये आहे आणि आपण जायचं ठरवलंय असं सांगितलं, की कुणीतरी विचारतंच, "घरी चांगले हेडफोन आहेत, सगळे अल्बम आहेत, मग त्या गर्दीत जाऊन वेगळं काय ऐकणार?" हा प्रश्न मला रास्त वाटतो. आवाजाच्या स्वच्छतेचाच हिशेब मांडला, तर हेडफोनच सरस ठरतात. स्टेडियम बांधतात ते खेळ बघण्यासाठी. भोवती काँक्रीटच्या गॅलऱ्या, वर मोकळं आकाश, आणि समोरच्या गॅलरीवर आपटून परत येणारा प्रत्येक ठोका. संगीतासाठी याहून अवघड जागा क्वचितच सापडेल. तरीही मी जाते, आणि तुम्हीही जावं असं मला मनापासून वाटतं.

ही जागा किती अवघड आहे, ते १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये दिसलं. बीटल्स या बँडला ऐकायला ५५ हजारांहून जास्त लोक जमले होते. गिटारसाठी व्हॉक्स कंपनीचे १०० वॅटचे अँप्लिफायर होते, आणि गाण्याचा आवाज लोकांपर्यंत जात होता तो खेळाच्या घोषणांसाठी बसवलेल्या स्टेडियमच्याच स्पीकरमधून. श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे त्याचा काय पाड लागणार! स्टेजवर वादकांना स्वतःचंच वाजवणं ऐकू येईना. अशा कार्यक्रमांत ड्रमवरचा रिंगो स्टार पुढे उभ्या असलेल्या साथीदारांच्या हालचाली बघून गाणं कुठवर आलंय ते ओळखायचा. पुढच्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या कँडलस्टिक पार्कमध्ये बीटल्सनी शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला. दौरे थांबवायला इतरही कारणं होती, पण कुणालाच काही ऐकू येत नाही, हे त्यातलं मोठं कारण होतं.

मग लोक कामाला लागले. १९७४ मध्ये ग्रेटफुल डेड या बँडने वादकांच्या पाठीमागे स्पीकरची प्रचंड भिंतच उभी केली. तो डोलारा फार अवजड आणि खर्चिक निघाला, त्याच वर्षी आवरता घ्यावा लागला. पण मोकळ्या मैदानातही स्वच्छ आवाज देता येतो, हे त्याने दाखवून दिलं.

आता मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट सांगते. हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तुम्ही स्टेजपासून १०० मीटरवर असाल, तर ड्रमवर काठी पडलेली दिसते आणि पाव सेकंदाहून जास्त उशिराने ठोका ऐकू येतो. मागच्या लोकांना नीट ऐकू जावं म्हणून मैदानाच्या मध्ये मनोरे उभारून त्यांवर आणखी स्पीकर टांगतात. पण तारेतून जाणारा सिग्नल तिथे तत्क्षणी पोचतो. तो तसाच सोडला, तर मागच्या माणसाला आधी मनोऱ्याचा आणि मग स्टेजचा, असा प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येईल. म्हणून साउंड इंजिनिअर मनोऱ्याकडे जाणारा आवाज मुद्दाम रोखून धरतात. मनोरा ७० मीटरवर असेल तर साधारण ०.२ सेकंद, आणि वर अगदी किंचित जास्त. ते किंचित का? कारण जो आवाज आधी कानावर पडतो, त्याच्याच दिशेने सगळं येतंय असं आपल्याला वाटतं. त्यामुळे बराचसा आवाज जवळच्या मनोऱ्यातून येत असूनही आपल्याला वाटतं, गायक समोरून, स्टेजवरूनच गातोय. या कौशल्याला मी मनोमन नमस्कार करते.

यात पुन्हा संध्याकाळ गार होत गेली की आवाजाचा वेग बदलतो, वाऱ्याने आवाज वाकतो, आणि दुपारी रिकाम्या मैदानात जुळवलेलं सगळं रात्री हजारो माणसं भरल्यावर वेगळंच वाजतं, कारण माणसांची शरीरं आणि कपडे आवाज शोषून घेतात. पहिलं गाणं जरा गढूळ वाटलं तर लगेच नाराज होऊ नका. मिक्सरपाशी, म्हणजे सगळे आवाज जुळवायच्या यंत्रापाशी बसलेली व्यक्ती तेव्हा झपाट्याने काम करत असते.

त्या मिक्सरच्या आसपास जागा मिळाली तर जरूर घ्या. आवाज जुळवणारा माणूस तिथेच बसून ऐकत असतो. अगदी पुढे कठड्याला टेकून वादकांचे चेहरे दिसतात, बेस छातीत घुमतो, ती मजा खरीच. पण मुख्य स्पीकर उंचावर टांगलेले असतात आणि त्यांचा रोख मागे असतो, त्यामुळे पुढे गाण्याचे शब्द कधीकधी हरवतात.

आणि कान सांभाळा. हे मी कळकळीने सांगते. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असं धरतात, पण दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. वादकांसाठीचे इअरप्लग मिळतात, ते सगळे स्वर सारखेच खाली आणतात, गाणं बिघडत नाही. मुलांना नेणार असाल तर त्यांच्या कानांवर इअरमफ हवेतच.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देते. हेडफोनमध्ये नसतो तो हजारो लोकांचा गळा. क्वीन बँडच्या ब्रायन मेने १९७७ मध्ये श्रोत्यांनी पाय आपटून, टाळी वाजवून साथ द्यावी म्हणूनच एक गाणं रचलं. १३ जुलै १९८५ ला लंडनच्या वेम्बली स्टेडियममध्ये याच बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी नुसती तान घ्यायचा आणि सुमारे ७२ हजार लोक ती परत द्यायचे.

ही साथ वादकांना मात्र चकवू शकते. १०० मीटरवरच्या माणसाला ठोका उशिरा पोचतो, त्याची टाळी तितक्याच उशिराने स्टेजवर येते. जाऊन-येऊन अर्ध्या सेकंदाहून जास्त. त्या टाळीच्या मागे गेलं तर गाणं रेंगाळेल. म्हणून वादक कानात छोटे मॉनिटर, म्हणजे आपलंच वाजवणं थेट ऐकवणारे इअरफोन घालतात. पण मग श्रोते ऐकूच येत नाहीत, एकटं पडल्यासारखं होतं. त्यावर उपाय म्हणून स्टेजच्या कडेला आपल्याकडे तोंड करून माइक लावतात आणि आपला आवाज त्यांच्या कानात मिसळतात. तरीही ध्रुवपदाला कित्येक गायक एका कानातला मॉनिटर काढून टाकतात, आपल्याला थेट ऐकण्यासाठी.

तेव्हा जाण्याआधी शब्द पाठ करून ठेवा. आणि ध्रुवपद आलं की फोन खिशात ठेवून मोठ्याने गा, तिकडे कुणीतरी ऐकतंय.

नमस्कार.