उणे चिन्ह नेमकं कुणाचं?

शाळेत आपण सगळ्यांनी एक नियम घोकलेला असतो: चेंडू वर चालला की 'जी' (गुरुत्वाकर्षणामुळे होणाऱ्या त्वरणाचं, म्हणजे वेग बदलण्याच्या दराचं, माप) उणे, खाली येऊ लागला की 'जी' अधिक. त्यानं उत्तरं बरोबर येतात, मार्कही मिळतात. तरी माझा या नियमावर राग आहे, कारण तो चिन्ह भलत्याच्याच गळ्यात बांधतो.

'जी' ही नुसती संख्या आहे. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ सुमारे ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग. तिला चिन्ह नसतं. चिन्ह असतं त्वरणाला, आणि तेही आपण कोणती दिशा धन मानली त्यावरून. वरची दिशा धन मानली, तर त्वरण उणे ९.८: चेंडू वर जाताना, खाली येताना आणि अगदी वरच्या टोकाला पोहोचल्या क्षणीसुद्धा. तिथे वेग शून्य होतो. त्वरणही शून्य झालं असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता की!

उणे त्वरण म्हणजे वेग मंदावणं, हेही खरं नाही. खाली येताना वेगही उणे, त्वरणही उणे. दोघांचं चिन्ह जुळलं, म्हणून चेंडू जोर धरतो.

आता एक गणित करू. २४.५ मीटर उंच कड्याच्या टोकावरून चेंडू सरळ वर फेकला, वेग सेकंदाला १९.६ मीटर. हवेचा रोध सोडून द्या. पायथ्याशी कधी पडेल? घोकलेल्या नियमानं दोन तुकडे करावे लागतात: वर जायला २ सेकंद, तेवढ्यात १९.६ मीटरची चढण, मग एकूण ४४.१ मीटर खाली यायला ३ सेकंद. झाले ५.

तुकडे न करता बघा. आरंभीचा वेग अधिक १९.६, त्वरण उणे ९.८, विस्थापन उणे २४.५, चेंडू मध्ये कुठे का भटकेना, शेवटी तो हातापेक्षा तेवढाच खाली आहे. विस्थापन = आरंभीचा वेग × काळ + ½ × त्वरण × काळ², या सूत्रात हे आकडे घातले, काळाला 'टी' म्हटलं आणि उणे ४.९ नं भागलं, तर समीकरण उरतं: टी² − ४टी − ५ = ०. खालची दिशा धन मानून बघा, तिन्ही चिन्हं एकदम उलटतात आणि समीकरण तेच राहतं. घोळ होतो तो अर्ध्या वाटेत दिशा बदलल्यावर. किंवा सूत्रात आधीच 'उणे जी' असताना 'जी'च्या जागी पुन्हा उणे ९.८ घातल्यावर, मग चेंडू जो वर सुटतो तो परत येतच नाही.

या समीकरणाची उत्तरं दोन: ५ आणि उणे १. दुसरं आपण खोडून टाकतो, 'काळ कधी उणे असतो का?' म्हणत. पण घड्याळ आपण फेकण्याच्या क्षणी सुरू केलं होतं. उणे १ म्हणजे त्याच्या एक सेकंद आधी. त्या क्षणी पायथ्याशी उभ्या असलेल्या कुणी सेकंदाला २९.४ मीटर वेगानं चेंडू वर फेकला असता, तर तो बरोबर शून्याव्या सेकंदाला आपल्या हाताजवळून १९.६ च्या वेगानं वर गेला असता. तिथून पुढे दोन्ही चेंडूंची वाट एकच.