सांगलीची ‘थांगली’ झाली तेव्हा: अलाइनरचे पहिले दिवस

नमस्कार मंडळी, मी बोलतेय थांगलीहून.

हसू नका. पहिल्या दिवशी अस्संच झालं. आमचं मार्केट यार्डात अडतीचं दुकान. फोनवर मी ‘साडेसातशे’ म्हणाले, तर पलीकडून विचारणा, “ताई, तोंडात पान हाय का?”

(डबी उघडून दाखवते) हा अलाइनर. वाकडे दात सरळ करणारी पारदर्शक टोपीच म्हणा ना. एक सेट दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो, मग पुढचा. माझा दर 10 दिवसांनी बदलतो. नवा सेट रात्री झोपताना घालायचा, पहिला ठणका झोपेत निघून जातो. तरी दोन दिवस वरण-भातच. जिभेसाठी मोठ्यानं उजळणी: सहासष्ट, सदुसष्ट, अडुसष्ट. माझी पाच दिवसांत वळली.

काढताना पुढून ओढू नका. आतून दाढेपाशी नख घालायचं, एक बाजू सुटली की दुसरी.

आता खरं दुखणं. दिवसाला 20 ते 22 तास तोंडात हवा. उरले किती? सकाळचा चहा, पोहे, 11 वाजताचा चहा, जेवण, 4 वाजताचा चहा, भडंग, रात्रीचं जेवण. करा बेरीज! त्यात भडंग म्हणजे मूठ-मूठ करत तास जातो. मी मधले दोन्ही चहा जेवणाला जोडून टाकले. घालून प्यायचा नाही का? नाही. गरमानं प्लॅस्टिक वाकतं, साखर आत कोंडून दात किडतात. आणि आमची हळद, 2018 साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेली! रस्सा खाऊन नुसती चूळ भरून घातला, तर पिवळाधमक. अलाइनरला पकड मिळावी म्हणून डॉक्टर दातांवर बारके टिपके चिकटवतात, तेसुद्धा. ब्रश करूनच घाला. धुवायला साधं गार पाणी, उकळतं नको.

अन् डबी. आयर्विन पुलाजवळ भडंग खाताना मी अलाइनर कागदात गुंडाळून ठेवला आणि रिकामा पुडा समजून स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला. डॉक्टरांनी एकच विचारलं, “कितवा दिवस?” आठवा होता, म्हणून पुढचा सेट घाला म्हणाले. तिसरा असता तर कदाचित मागच्यावर जावं लागलं असतं. ते तुमचे डॉक्टरच ठरवतील, पण मागचा सेट टाकून देऊ नका. माझा आईनं लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवलाय. धुतलेल्या!

(घड्याळाकडे बघत) आजची माझी बारा मिनिटं शिल्लक आहेत, आणि आतून आल्याचा वास येतोय. पळते.