अजून किती?

(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवून थोडे संपादन केले आहे.)

मंडळी, नमस्कार.

मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. वक्ता 'दोनच शब्द बोलतो' म्हणाला की आपण सगळे खुर्चीत खाली सरकून बसतो, म्हणून मी तसलं काही म्हणत नाही. घड्याळ समोर ठेवलंय. किती उरलं ते मधूनमधून सांगत जाईन. का, ते कळेलच.

गेल्या महिन्यात आपण सगळे आतषबाजी बघायला गेलो होतो. सतरंज्या, घडीच्या खुर्च्या, सगळा लवाजमा. आपल्यात एक नऊ वर्षांचा मुलगा होता, ऑटिझम असलेला. त्याच्या आईवडिलांना विचारूनच हे सांगते आहे. पहिले बाण फुटले, त्याने कानांवर हात ठेवले आणि विचारलं, "अजून किती?" शेजारून कुणीतरी म्हणालं, "झालंच आता." थोड्या वेळाने परत, "अजून किती?" "पाचच मिनिटं रे राजा." "अजून किती?" "अरे, तिकडे बघ, कसला लाल रंग आहे!" सहा वेळा विचारलं त्याने. सहा वेळा सहा उत्तरं मिळाली आणि एकही खरं नव्हतं. पहिल्या 'झालंच'नंतर कार्यक्रम चांगला वीस मिनिटं चालला. सातव्यांदा त्याने विचारलंच नाही. तेव्हा मागच्या रांगेतून कौतुकाने आवाज आला, "बघा, रमला!"

त्या 'रमला'कडे शेवटी येते. आधी त्याचा प्रश्न, कारण त्या मैदानावर तेवढा एकच प्रश्न मुद्द्याचा होता.

ऑटिझमला आपण स्वमग्नता म्हणतो. शब्द गोड आहे, पण मला तो कधी पटला नाही. यातल्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत बाहेरचं जगच इतकं आत घुसत असतं की मग्न व्हायला जागा राहत नाही. आवाज, उजेड, वास, स्पर्श यांना फार जास्त किंवा फार कमी प्रतिसाद देणं हे २०१३ सालच्या डीएसएम-५ पासून, म्हणजे डॉक्टर निदानासाठी वापरतात त्या अमेरिकी मार्गदर्शक पुस्तकापासून, निदानाच्या निकषांमध्येच आलं आहे. म्हणजे हे नखरे नव्हेत आणि आईने लाडावल्याचा परिणामही नव्हे. आतषबाजीत हे सगळं एकाच वेळी अंगावर येतं: दणका, लखलखाट, धुराचा वास, अंधारात पायांत येणारे अनोळखी पाय. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पुढचा कधी फुटणार ते ठाऊक नसतं.

लवंगीची माळ सोडवून एकेक पुरवून पुरवून वाजवलेले इथे बरेच जण बसले आहेत. सुतळी पेटवणारा कधी दचकत नसे. दचकायचा तो पाठमोरा उभा असलेला, आणि मग सगळे त्याला हसायचे. आवाज दोघांना सारखाच. वात कुठवर आली हे एकाला दिसत होतं, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक. 'अजून किती?' म्हणजे 'वात मला पण दाखवा'.

आणि ती दाखवता येते! मोठी आतषबाजी हल्ली बहुतेक वेळा इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने उडवतात. कुठला बाण कितव्या सेकंदाला जायचा ते आधी ठरलेलं असतं. संयोजकांना चार गोष्टी विचारायच्या: प्रत्यक्ष सुरुवात कधी, एकूण मिनिटं किती, सगळ्यांत मोठे आवाज कुठल्या भागात, आणि शेवटचा भडिमार कधी सुरू होतो. एक फोन पुरतो. आपण तो केला नाही. कमिटीत मीही आहे, तेव्हा हा दगड आधी माझ्याच डोक्यात.

शिवाय आपली ती मंडळाची वेळ. पत्रिकेत सात, जमायला सुरुवात पावणेआठला, आणि साडेआठला अध्यक्ष विचारणार, 'सगळे आले का?' आपल्याला त्याची गंमत वाटते. ज्या मुलाला आईने चित्रांची पट्टी करून दिली आहे, 'गाडी, सतरंजी, उजेड, घर', त्याच्या दृष्टीने सात वाजूनही काही सुरू झालं नाही की पहिलं वचन मोडलं. आभाळात अजून ठिणगीही नसते आणि हे मूल निम्मं थकलेलं असतं.

अकरा मिनिटं उरली.

आता बसायचं कुठे? आपण मराठी माणसं पहिल्या रांगेसाठी रुमाल टाकून येणारी. इथे उलटं करा. आवाज एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. एक किलोमीटरवर बसलात, तर उजेड दिसल्यावर जवळजवळ तीन सेकंदांनी आवाज येतो. हे तीन सेकंद म्हणजे खजिना आहे. मुलाला मोजायला शिकवा: उजेड… एक, दोन, तीन… धाड. चार-पाच बाणांत त्याला ताल सापडतो, आणि आता वात त्याच्या हातात असते. शंभर मीटरवर हेच अंतर सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतकं असतं, तिथे मोजणार काय? शिवाय मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. अडीचशे मीटरवरून किलोमीटरवर गेलात की १२ डेसिबल गेले, तेही फुकट. दिसायचं फारसं काही कमी होत नाही, आभाळ तेवढंच मोठं असतं. फक्त उंच इमारतींच्या मध्ये बसू नका. तिथे आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि मोजणी कोलमडते. वारा आपल्याकडून आतषबाजीकडे वाहत असेल अशी बाजू धरा, म्हणजे धूरही येणार नाही.

शेवटच्या भडिमारात मात्र मोजणी चालत नाही, सगळं एकात एक मिसळतं. तेव्हा त्याच्या आधीच उठायचं. 'भडिमाराच्या तीन मिनिटं आधी आपण गाडीत' हे घरून निघतानाच सांगून ठेवायचं, आणि मूल मजेत दिसलं तरी त्याला विचारल्याशिवाय बेत बदलायचा नाही. गाडी लावतानाच तोंड बाहेरच्या बाजूला. काचा बंद, ओळखीचं गाणं चालू. नंतरची गर्दी आणि वाहनांची रांग ही दुसरी आतषबाजी असते, तीही अशी चुकते.

कानांवर घालायच्या, आवाज अडवणाऱ्या मफबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण तिथे सगळे फसतात. विमानात वापरतो ते आवाज खोडणारे हेडफोन इथे फारसे उपयोगी नाहीत. ते एकसारख्या घुमणाऱ्या आवाजासाठी बनवलेले असतात, अचानक दणका आला की त्यांची करामत संपते. साधे, जाड गादीचे, पूर्ण कान झाकणारे मुलांच्या मापाचे मफ घ्या. पाकिटावर २५ डेसिबल लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात कमीच मिळतं, कारण गादी आणि कातडी यांच्यामध्ये काहीतरी येतं: चष्म्याची काडी, टोपीची कड, वेणी. मफ लावल्यावर गादीच्या कडेने बोट फिरवून बघा, फट असेल तिथून आवाज शिरणार. छातीत जाणवणारा धक्का मफ अडवत नाही हेही मुलाला आधीच सांगा, नाहीतर त्याला वाटतं की मफ बिघडला. जाड जाकीट किंवा मांडीवर घट्ट धरलेली उशी, तेवढाच आधार.

मफ घालायची वेळ पहिल्या आवाजाच्या दहा मिनिटं आधी. दणका बसल्यावर घाबरलेल्या मुलाच्या डोक्यावर अंधारात मागून काहीतरी दाबणं म्हणजे दुसरा धक्का. दोन आठवडे आधीपासून घरी रोज दहा मिनिटं, आवडत्या खेळाच्या वेळी मफ घालायची सवय करा. पण दिवसभर घालून ठेवू नका. कान शांततेला सरावले की साधं भांडं पडलं तरी मूल हादरतं.

त्याच दोन आठवड्यांत आतषबाजीचे व्हिडिओ दाखवा, रोज चार-पाच मिनिटं. पहिले दोन दिवस आवाज पूर्ण बंद. पुढे आवाजाचं बटण मुलाच्या हातात, तुमच्या नाही. त्याने बंद केलं तर बंद. फोनच्या स्पीकरमध्ये खरा दणका येत नाही, त्यामुळे ही तयारी क्रमाची आहे, आवाजाची नव्हे. 'फोनवर आवडलं म्हणून तिथेही आवडेल' हा हिशेब इथेच चुकतो. जोडीला सोशल स्टोरी, म्हणजे काय होणार, कोण असेल, त्रास झाला तर काय करायचं, हे सांगणारी सात-आठ वाक्यांची सचित्र गोष्ट. अमेरिकेतल्या कॅरोल ग्रे या शिक्षिकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रुजवली. त्यात 'तुला खूप मजा येईल' असं लिहू नका. 'आवाज मोठा असेल. मी मफ घालेन. मला नको झालं तर मी आईचा हात दोनदा दाबेन. आम्ही गाडीत जाऊ.' बस.

हात दाबायचं कारण साधं आहे. चित्रांची कार्डं अंधारात दिसत नाहीत! घरून 'थांब'चं कार्ड, 'घरी जाऊ'चं कार्ड, सगळं घेऊन जातो आणि तिथे काळोख. छोटी विजेरी गळ्यात अडकवा, किंवा स्पर्शाची खूण ठरवा. टॅबलेटच्या मदतीने बोलणारं मूल असेल तर चार्ज आणि उजेड दोन्ही बघून घ्या. एरवी जे नीट बोलतात, त्यांचेही शब्द अशा वेळी जातात. खूण त्यांनाही लागते.

पाच मिनिटं. थोडी गडबड करते.

एका मोठ्या माणसाचं काम त्या संध्याकाळी फक्त ते मूल. फोटो नाहीत, गप्पा नाहीत, 'जरा बघशील का' नाही. घाबरलेलं मूल पळतं, आणि आतषबाजीचं आकर्षण असलेलं मूलही पळतं, तिच्याच दिशेने. होय, अशीही मुलं आहेत, सगळ्यांना त्रासच होतो असं धरून चालू नका. मनगटावर फोन नंबर, अंगात उठून दिसणारा रंग, आणि निघताना त्याच कपड्यांतला एक फोटो. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धावा. नदी, तळं, तलाव, काय असेल ते. गर्दीत हाका मारणं बाकीच्यांवर सोडा. यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, आणि आतषबाजी तर अनेकदा पाण्याकाठीच ठेवतात.

आणि बांध फुटलाच तर? समजूत घालू नका, प्रश्न विचारू नका, 'सगळे बघताहेत' तर मुळीच म्हणू नका. शब्द कमी, आवाज खाली, आणि तिथून बाहेर. मिठी त्याला एरवी आवडत असेल तरच. शांत व्हायला वीस मिनिटं लागतील किंवा दोन तास, रात्रीची झोपही जाईल. तेवढ्या वेळात आपण बाकीच्यांनी एकच मदत करायची, ती म्हणजे तिकडे न बघणं. आपल्याला हे जड जातं, कबूल आहे. मंडळातल्या प्रत्येक मावशीकडे प्रत्येक मुलासाठी एक उपाय असतो. 'आमच्या वेळी नव्हतं असलं काही' हा त्यातला सर्वांत जुना. होतं हो. ती मुलं दिवाळीत दिवसभर माळ्यावर किंवा पलंगाखाली असायची आणि आपण त्यांना भित्री म्हणायचो.

ज्यांना हे सगळं 'त्या' मुलांचं वाटतंय त्यांच्यासाठी: जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात अशा क्षणिक दणक्याची वरची मर्यादा मोठ्यांना १४० डेसिबल आहे, मुलांना १२०. हे कुठल्याही मुलाच्या कानांबद्दल आहे. आणि मोठ्या कार्यक्रमाला निदान वेळ तरी असते. आपल्याच घरांमागे रात्री सव्वाअकराला अचानक जो एक बॉम्ब लागतो, त्याचं वेळापत्रक कुणाकडे मागायचं? निदान ग्रुपवर टाका: 'आठ ते साडेआठ, आमच्या अंगणात, सहा आवाजी, बाकी भुईनळे.' रोज सकाळी शंभर सुप्रभात टाकतोच की आपण.

तर, 'रमला'.

रमलेल्या मुलाचे डोळे उजेडामागे धावतात. बोटं सैल असतात, ते उड्या मारतं, हात फडफडवतं, तेच तेच बडबडतं. ती फडफड थांबवू नका, आनंदही तिथूनच वाहतो. त्या रात्री आपल्या त्या मुलाचे कानांवरचे हात खाली आले होते, तेव्हा आवाज मात्र वाढत होता. नजर समोरच्याच्या खुर्चीच्या पायावर. नावाने हाक मारली तर मान वळली नाही. याला शटडाउन म्हणतात. मूल आतून दार लावून घेतं. ते शांत असतं, कुणाला त्रास देत नाही, म्हणून त्याचं कौतुक होतं.

परवा त्याची आई म्हणाली, केस कापताना, दाताच्या डॉक्टरकडे, दुकानाच्या रांगेत तो आधी सारखं विचारायचा, 'अजून किती?' कंटाळा यायचा उत्तरं देऊन. त्या रात्रीपासून त्याने एकदाही विचारलेलं नाही. तिला काय सांगावं हे मला सुचलं नाही. सवय झाली म्हणू, की विचारून उपयोग नाही हे त्याला कळलं म्हणू?

एक मिनिट उरलं आहे. पुढच्या सहलीला संयोजकांचा कागद आणायचं काम मी घेतलं आहे. लाल चकती कमी होत जाते ते घड्याळही आणते, अंधारात दिसावं म्हणून विजेरीसकट. त्याच्याशेजारी बसेन. त्याने विचारलं, तर सांगेन.