चाचपडत घर गाठणारे

मंडळी, वाट सुचेनाशी झाली की आपण म्हणतो, अंधारात चाचपडतोय. आपल्या भाषेत चाचपडणं म्हणजे अडचणीत सापडणं. आज ज्या प्राण्याविषयी बोलणार आहे, त्याचं सगळं शहाणपण या चाचपडण्यात आहे.

पावसाळा ओसरल्यावर सह्याद्रीतल्या एका कातळाच्या भेगेत रात्री विजेरी मारली, तेव्हा तो मला पहिल्यांदा दिसला. अंग चपटं, रंग काळपट तपकिरी, पुढे काटेरी पकडी. तो जागचा हलला नाही. हलत होता तो फक्त दोऱ्यासारखा एक लांब पाय. त्या पायाचं टोक विजेरीच्या कडेला लागलं, थांबलं, परत लागलं, मग माझ्या बोटाजवळच्या शेवाळावरून फिरलं. मग तो खेकड्यासारखा आडवा सरकत भेगेत गेला. त्याला इंग्रजीतून आलेल्या नावाने व्हिप स्पायडर म्हणतात. विंचू, कोळी, गोचीड यांच्याच अष्टपाद वर्गातला हा. पण तो जाळं विणत नाही आणि त्याला विषही नसतं. आठ पायांपैकी चालायला सहाच वापरतो. पुढची जोडी चालण्याच्या पायांपेक्षा कितीतरी लांब असते, आणि तिच्या टोकांशी वास आणि स्पर्श टिपणारे बारीक केस असतात. डोळे आठ असूनही त्याचं जग उभं राहतं ते या दोन टोकांवर.

हा प्राणी दिवसभर एका ढोलीत किंवा कपारीत बसतो, रात्री शिकारीला निघतो आणि पहाटेआधी पुन्हा आपल्याच जागी येतो. जंगलात, काळोखात, रोज. कसा?

पहिला तर्क असा की पावलं लक्षात ठेवत असेल. हा तर्क पोकळ नाही. मध्य अमेरिकेत क्युपिएनिअस नावाचा मोठा निशाचर कोळी आहे. त्याला माशी धरू द्यायची, हुसकून लांब न्यायचं आणि माशी काढून घ्यायची. तरीही तो माशी होती त्या जागी परत येतो, डोळे झाकले तरी येतो. १९७२ साली झायफार्थ आणि बार्ट यांनी दाखवलं की त्याच्या पायांच्या कवचावर, तंतुवाद्याच्या तारांसारख्या ओळीने असलेल्या सूक्ष्म फटी निकामी केल्या, तर हा परतीचा नेम चुकतो. पाय टाकताना कवचावर पडणारा ताण त्या फटींना कळतो. म्हणजे कोळ्याच्या पायालाच प्रवासाची आठवण असते म्हणा ना!

आता कोस्टा रिकाच्या पावसाळी जंगलात या. आयलीन हेबेट्स, व्हर्नर बिंगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या व्हिप स्पायडरना त्यांच्या झाडावरून उचललं, १० मीटर लांब नेऊन सोडलं, आणि पाठीवर चिमुकले रेडिओ-प्रक्षेपक बसवून रोज सकाळी ते कुठे आहेत ते पाहिलं. उचलून नेलेल्या प्राण्याने एकही पाऊल टाकलेलं नसतं. पावलांची आठवण इथे कामाची नाही. तरीही बहुतेक जण घरी पोचले, आणि पहिल्याच रात्री त्यांची वाटचाल घराच्या दिशेने होती. बोटभर देहाला १० मीटर म्हणजे केवढी मजल, तीही झाडांच्या मुळांतून आणि कुजक्या पाचोळ्यातून!

२०१७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग मला या साऱ्या विषयातला सगळ्यात सुंदर वाटतो. काहींचे डोळे झाकले, काहींच्या लांब पायांची टोकं निकामी केली, काहींना तसंच सोडलं. डोळे झाकलेले धडधाकटांसारखेच घराकडे वळले. टोकं गमावलेले मात्र पार भरकटले. घराच्या दिशेचा मागमूसही त्यांच्या चालीत नव्हता. संशोधकांचा कौल वासाकडे आहे. जंगलातल्या प्रत्येक खोडाला, बुरशीला आपला वास असणार, आणि त्या वासांचा काहीतरी आराखडा प्राण्याच्या डोक्यात असणार. तो नेमका कसा बसतो, हे कोडं अजून उलगडायचं आहे.

आराखडा म्हटलं की शिकणं आलं. फ्लोरिडा आणि कॅरिबियन भागातल्या व्हिप स्पायडरच्या एका छोट्या जातीवर सँटर आणि हेबेट्स यांनी २००९ मध्ये काम केलं. स्पर्शाने वेगळ्या ओळखता येतील अशा दोन खुणा ठेवल्या. एकीपाशी आसरा उघडा, दुसरीपाशी बंद. काही दिवसांनी दोन्ही आसरे बंद करून पाहिलं, तर प्राणी शिकलेल्या खुणेपाशीच अधिक वेळ घुटमळत राहिला. या प्राण्यांच्या मेंदूत, कीटकांमध्ये शिकण्याशी जोडला जाणारा छत्रीच्या आकाराचा एक भाग, मशरूम बॉडी, आकाराच्या मानाने विलक्षण मोठा आणि घड्या पडलेला असतो. मला हा योगायोग वाटत नाही.

कुणी विचारेल, मग रात्री डोळे कुणाच्याच कामाचे नाहीत का? तसं नाही. नामिबच्या वाळवंटात ल्युकॉर्केस्ट्रिस नावाचा पांढुरका कोळी राहतो. नर मादीच्या शोधात रात्री शंभराहून अधिक मीटर भटकतो आणि आल्या वाटेने न जाता बऱ्यापैकी सरळ आपल्या बिळाशी येतो. त्याचे डोळे झाकले की ते जमत नाही. पण चाचपडणारा व्हिप स्पायडर एकटाच नाही. आपला विंचू पोटाखालचे कंगव्यासारखे दोन अवयव जमिनीवर टेकवत चालतो. वाळूचा पोत आणि तिच्यावरचे वास त्याला त्यातून कळतात.

त्या भेगेपाशी मी नंतर तीन रात्री गेलो. दोन रात्री ती रिकामी होती. तिसऱ्या रात्री उशिरा पाहिलं, तर आतून दोऱ्यासारखं एक टोक बाहेर आलं, भेगेची कड चाचपली, कडेवरचं शेवाळ चाचपलं, आणि पुन्हा आत गेलं.