मातीतला सांगावा
(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या डाळिंबाच्या बागा आहेत. तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूंचा रोग, आला की फवारणीत मिसळली जायची ती स्ट्रेप्टोसायक्लिनची पुडी तुमच्या चांगली ओळखीची आहे. तिच्यात ९० भाग स्ट्रेप्टोमायसिन आणि १० भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही औषधं मूळची मातीतल्या जिवाणूंची. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात, सेलमन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शात्झ या विद्यार्थ्याच्या हाती लागलं. क्षयावर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. ते बनवतो स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस हा मातीतला जिवाणू. त्याची भावकी आपल्याही रानात आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये ज्याच्यापासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध मिळालं, त्याचं तर नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना.

हा जिवाणू औषध बनवायला नेमका केव्हा घेतो, आणि ‘आता घे’ असं त्याला कोण सांगतं, एवढंच मला आज सांगायचंय.

जगायला आणि वाढायला त्याला स्ट्रेप्टोमायसिन लागत नाही. म्हणून अशा पदार्थांना दुय्यम चयापचय पदार्थ म्हणतात. पण शब्दावर जाऊ नका. ते बनवायला पुष्कळ जनुकं आणि पुष्कळ ऊर्जा खर्ची पडते, आणि जिवाणू असा खर्च उगाच करत नाही.

१९६७ मध्ये रशियात खोखलोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ग्रिसियसचा एक बिघडलेला वाण मिळाला. तो ना औषध बनवायचा, ना बीजाणू. चांगला वाण ज्या द्रवात वाढला होता, त्यातला एक पदार्थ त्याला दिला, आणि दोन्ही कामं सुरू झाली. त्या पदार्थाला ‘ए-फॅक्टर’ म्हणतात. तो लागतो किती? एक ग्रॅम जवळपास ४० लाख लिटरला पुरेल. शेततळ्यात चिमूटभर!

पुढे जपानी शास्त्रज्ञांनी त्याचं काम उलगडलं. पेशीत अर्पा नावाचं प्रथिन एका जनुकावर कुलपासारखं बसलेलं असतं. जिवाणूंची संख्या वाढत जाते, तसतसा ए-फॅक्टर साचत जातो. पुरेसा साचला की तो अर्पाला चिकटतो आणि कुलूप गळून पडतं. मग एकामागून एक जनुकं जागी होतात आणि शेवटी स्ट्रेप्टोमायसिन तयार होतं. यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की त्याच हुकमानं त्या औषधापासून स्वतःला वाचवणारं प्रथिनही बनायला लागतं. विष तयार करायच्या आधी स्वतःच्या घराची राखण!

दुसरा सांगावा भुकेचा. अन्न संपत आलं की स्ट्रेप्टोमायसिस आपलेच जुने तंतू विरघळवतो आणि त्या अन्नावर बीजाणू वाढवतो. हे आयतं अन्न पळवायला आजूबाजूचे टपलेले असतातच, म्हणून औषध नेमकं याच वेळी हवं. विरघळलेल्या पेशीभित्तिकेतून एन-असेटिलग्लुकोसामाइन ही साखर सुटते. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जातीत २००८ मध्ये दिसलं, की भुकेल्या जिवाणूला या साखरेनं प्रतिजैविक बनवायची घाई होते, तर पोट भरलेल्याला तीच साखर थोपवून धरते. भरपूर फॉस्फेटनंही उत्पादन दबतं. आता हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे. रानात डीएपी हे फॉस्फेटचं खत टाकलं म्हणून जिवाणू गप्प बसतात, असं मी यावरून म्हणणार नाही.

भुकेचा धडा मी स्वतः चुकून शिकलो. मंगळवेढ्याकडच्या ज्वारीच्या रानातली माती एका विद्यार्थ्यानं आणली होती. प्लेटमध्ये खडूची भुकटी शिंपडावी तशी पांढरी, कोरडी वसाहत उगवली आणि भोवती छान स्वच्छ वर्तुळ पडलं. म्हणजे तिथले इतर जिवाणू मेले होते. मी ती वसाहत सोयीसाठी भरपूर पोषण असलेल्या माध्यमावर वाढवत राहिलो. पाचव्या-सहाव्या वेळी वर्तुळ गेलं. जिवाणू जिवंत होता, गुबगुबीत होता, पण मुका. मग बाजारातली सुकट आणली, तिची टरफलं कुटून पातळ माध्यमात घातली. टरफलात कायटिन असतं आणि त्यातून तीच साखर निघते. दहा दिवसांनी वर्तुळ परत दिसलं, आधीपेक्षा लहान, पण दिसलं. त्या दिवशी प्रयोगशाळेतून घरी जायला मला रात्र झाली.

२००२ मध्ये सीलिकलरचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला, तेव्हा असे पदार्थ बनवणारे वीसहून अधिक जनुकसमूह सापडले. त्याची प्रतिजैविकं तोवर मोजकीच माहीत होती. बाकीचे समूह प्लेटवर झोपून राहतात. कारण मातीत शेजारी असतात, आणि आपण मात्र त्याला एकटं वाढवतो. मिक्सोकॉकस हा शिकारी जिवाणू जवळ आला, की सीलिकलर आपलं निळं ॲक्टिनोऱ्होडिन कितीतरी जास्त बनवतो.

सांगावा जिवाणूंपुरताच राहतो असंही नाही. पहिल्या पावसाचा वास, म्हणजे जिओस्मिन, हेच जिवाणू बनवतात. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं, की या वासानं स्प्रिंगटेल नावाचे मातीतले बारीक उड्या मारणारे जीव ओढले जातात. ते जिवाणू खातात आणि अंगावरून, पोटातून बीजाणू दुसरीकडे नेतात. वास आणि बीजाणू एकाच वेळी तयार होतात, ते यासाठी.

मागच्या टेबलावर दोन प्लेटी ठेवल्या आहेत. एकीत मंगळवेढ्याचा तो वाण एकटा आहे, दुसरीत त्याच्याशेजारी त्याच रानातला आणखी एक जिवाणू. झाकण न काढता, खालून उजेडात धरून बघा. दुसरीत शेजाऱ्याकडच्या कडेला तपकिरी रंग उतरलाय. पहिलीत तो नाही. तो रंग कशाचा, ते आम्ही आता शोधतो आहोत.